बडग्याच्या गळ्यातली पाटी

९ ऑगस्ट
पुण्याहून लेकीचा फोन. रोज तीन चांगल्या गोष्टी वहीत लिहायच्या म्हणे, मन प्रसन्न राहतं. लिहितो. १) चहा गरम होता. २) संपला. तिसरी सुचत नाही. बाई, तुझा बाप रिटायर झालाय, बालवाडीत नाही गेला.

११ ऑगस्ट
सुधाकर आला. आमच्या मोहल्ल्याच्या बडग्या मंडळाचा अध्यक्ष, म्हणजे वर्षातून आठ दिवस कामाचा माणूस. "पाटी कधी देता भाऊ? मारबत आली ना जवळ." पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी 'इडापिडा घेऊन जा गे मारबत' ओरडत मिरवणुकीत जो पुतळा नेऊन जाळतात, त्या बडग्याच्या गळ्यातला टोमणा बावीस वर्षं मीच लिहितो. पुढारी, खड्डे, बुवा, कोणाला सोडलं नाही. यंदा डोकं रिकामं. कोराडीच्या वीजकेंद्रातली नोकरी संपल्यापासून आत नुसती राख.

१४ ऑगस्ट
हास्य क्लब. बायकोने, मंगलाने, ढकलत नेलं. वीस म्हातारे हात वर करून हा हा हा. विनोद कोणता, विचारलं. म्हणे विनोद लागत नाही! धन्य.

१७ ऑगस्ट
मं. चिडली. "काहून असे खुर्चीत बसून राहता जी दिवसभर? साऱ्यायले नावं ठेवता, करत त काहीच नाही."
"पाटी लिहून राहिलो," म्हटलं. कागद कोरा. तिने पाहिला.

२० ऑगस्ट
सुधाकरला सांगून टाकलं, यंदा जमत नाही. "बरं," म्हणाला आणि गेला. बावीस वर्षं आणि एक 'बरं'. आग्रहसुद्धा नाही. दिवसभर झोंबत राहिलं.

२३ ऑगस्ट, मारबत
चौकात उभा होतो. आमचा बडग्या आला. खुर्चीत बसवलेला. अंगात माझा निळा चौकड्यांचा शर्ट, खिशावर शाईचा डाग. पाटीवर मं.चं अक्षर: "खुर्चीत बसून जगाले नावं ठेवणाऱ्याले घेऊन जा गे मारबत!" लोक पोट धरून हसत होते. सुधाकर मान वळवून उभा. मं. सगळ्यांत मोठ्याने ओरडत होती. राग आला. लाज त्याहून जास्त वाटली. शर्ट जळेपर्यंत थांबलो.

२४ ऑगस्ट
मं.शी अबोला. तिने पोहे पुढ्यात ठेवले, माफी नाही.
पाटी मात्र फुसकी होती. एवढी सपक ओळ मी कधी दिली नाही. माझ्यासारख्या माणसावर याहून कितीतरी बोचरं लिहिता येतं. सकाळपासून चार लिहिल्या. दोन भिकार, एक बरी. चौथीला स्वतःच हसलो, मोठ्याने. स्वयंपाकघरातून आवाज आला, "काय झालं जी?"
सांगावं, की पुढच्या वर्षी पाटीवरच वाचू द्यावं?