फ्रीजरमधली लाडकी

आई-पप्पा,

तुमची जास्त लाडकी कोण, मी की फ्रीजरमधली ताईची बाटली? मैत्रिणी म्हणाल्या, हिंमत असेल तर विचार. विचारलं!

ताईच्या लॅबचा फ्रीजर बिघडला म्हणून बाटली घरी आली आणि आई, तू माझ्या कुल्फ्या बाहेर काढल्यास. काल लाइट गेली तर पप्पा बर्फासाठी मुकुंदवाडीपर्यंत पळाले. माझी खो-खोची सेमीफायनल समोरच्याच मैदानावर होती, तिथं कुणी फिरकलं नाही.

आज बाटली उजेडात धरली, तर रिकामी! ताई हसली, "येडे, तळाशी वाळलेलं प्रथिन आहे, दिसत नाही. माणसाचंच, पण जिवाणूंकडून बनवून घेतलेलं. शरीरात काही बिघडलं की पेशी त्यानंच एकमेकींना हाका मारतात."

मग माझीही हाक ऐका. रविवारी चारला फायनल आहे. बाटली ताई सांभाळेल, तुम्ही दोघं मैदानावर येताय. मी ठरवलंय.

सरावाला गेलेली,
क्षितिजा