फळ्यावरचं राजेश्रीचं वाक्य

१७ मे, रविवार
आजपासून अधिक महिना. म्हणजे धोंड्याचा महिना, म्हणजे जावयाचा महिना. राणीसावरगावहून आमंत्रण या आठवड्यात नक्की. राजेश्री पाडव्यापासून माहेरी आहे. ती रुसून गेली असं पाथरीत बोलतात, ते चूक आहे. हवापालटाला गेली आहे. शेजारचे दत्तराव म्हणाले, "सर, परभणी जिल्ह्यातून परभणी जिल्ह्यातच कसला आलाय हवापालट? तिकडं बी बेचाळीसच हाय." दत्तराव माझ्या क्लासला कधी आले नाहीत, त्यामुळे त्यांचं मनावर घेत नाही.
संकल्प: पहिल्या आमंत्रणाला हो म्हणायचं नाही. जावयाचा मान असतो. दुसऱ्याला जायचं. धोंडे खायचे, राजेश्रीला घेऊन परत.

१९ मे, सकाळी
बॅचला पास्ट परफेक्ट सुरू केला. माझी पद्धत सोपी. दोन गोष्टी घडल्या, त्यातली जी आधीच घडून गेली तिला हॅड. हॅडच्या क्रियापदामागे शेपूट लावायचं: कुठं, कशातून, कोणाशिवाय. शेपटाविना वाक्य लंगडं. उदाहरणं आपोआप सुचत गेली. शी हॅड गॉन टू राणीसावरगाव. शी हॅड लेफ्ट विदाउट हर ब्रेकफास्ट. शी हॅड सॅट बाय द विंडो.
संघप्रिया हुशार आहे. तलाठी भरतीची तयारी करते. तिने विचारलं, "सर, ही शी सगळ्या वाक्यांत एकच हाय का?" मी सांगितलं, व्याकरणात शी कोणीही असू शकते. वर्ग हसला. शिकवताना विनोद हवाच.

२१ मे
पिठलं करपलं. गॅसची ज्योत मोठी आहे, माझी चूक नाही.
'आजची चूक' हे माझ्या क्लासचं वैशिष्ट्य. क्लास घराच्या पुढच्या खोलीत. फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात ज्याची चूक त्याचं वाक्य, खाली नाव. माणूस लाजला की शिकतो. संध्याकाळी पुसून टाकतो. फक्त राजेश्रीचं पुसलेलं नाही.
संक्रांतीनंतर ती पोळ्या आटोपून मागच्या बाकावर येऊन बसायला लागली. हौस. एक दिवस आपणहून उभी राहिली आणि म्हणाली, आय हॅड केम फ्रॉम राणीसावरगाव बाय बस. दोन्ही शेपटं बिनचूक! फक्त केम नको, कम हवं. लगेच फळ्यावर घेतलं. वर्ग पोट धरून हसला. तीही हसली असणार, मी फळ्याकडे तोंड करून होतो. बायकोला सूट दिली तर शिस्त राहिली कुठे? म्हणून ते वाक्य कायम ठेवलं. नवीन बॅच आली की ओळख करून देतो, ही आमची मिसेस.
त्यानंतर ती बाकावर बसायला आली नाही. घरकाम वाढलं असेल.

२४ मे
भुजंगचा फोन. राजेश्रीचा धाकटा भाऊ. आमंत्रणच! उचलला नाही. जावयाने पहिल्या फोनला धावायचं नसतं. पुन्हा करेल.
बॅग भरून ठेवली.

२६ मे
भुजंगने पुन्हा केला नाही. त्यांच्याकडे रेंजचा प्रॉब्लेम आहेच.
बॅगेतून टॉवेल काढावा लागला. दुसरा वाळलेला नव्हता.

२८ मे
राजेश्रीचा फोन! इथे मानाचं लक्षात राहिलं नाही, लगेच उचलला. तिने विचारलं, "जेवलाव का?" मी म्हणालो, हो. मग म्हणाली, "फळा पुसला का?" इतकी लांब राहून क्लासची किती काळजी! मी सांगितलं, रोज पुसतो, तुझा कोपरा सोडून. ती "बरं" म्हणाली आणि फोन ठेवला.
धोंड्याचा विषय मी काढला नाही. हावरेपणा दिसतो. पण आवाज ऐकून बरं वाटलं. लय बरं वाटलं.

२ जून
सकाळी बघतो तर कोपरा कोरा! संघप्रियाने पुसला. जाब विचारला तर म्हणाली, "सर, रोज मॅडमचं नाव वाचून मलाच कसंतरी व्हायलंय. त्यांना कसं वाटत असंल?" मी म्हणालो, हा माझ्या पद्धतीचा भाग आहे.
ती गेल्यावर कोऱ्या कोपऱ्याकडे बघवेना. घरात राजेश्रीची साडी नाही, चप्पल नाही, कंगवासुद्धा नेला. तेवढं एक वाक्य होतं. बाजारात जाऊन पांढरा ऑइल पेंट आणला आणि सावकाश, घोटून लिहिलं. राजेश्रीतला श्री फार सुरेख आला. आता कोणी पुसून दाखवावं.

८ जून
साडू राम यांचं स्टेटस. पाटावर बसलेत, डोक्याला नवी टोपी, पुढ्यात धोंडे, बाजूला चांदीचं निरांजन. माझ्या सासरची ओसरी! राम थोरले जावई, त्यांना आधी बोलावणं ठीकच. पण शेजारी एक रिकामा पाट मांडलेला दिसतो. भोवती रांगोळीसुद्धा. माझाच. म्हणजे वाट बघतात. फोटोच्या कडेला वाढणाऱ्या बाईचा हात आला आहे, हिरव्या बांगड्या. राजेश्रीचा. पुष्कळ वेळ मोठा करून पाहिला.
रामना फोन केला. ते म्हणाले, "भुजंगनं फोन केलता की तुमाला. उचलला कामून न्हाई?" सांगितलं, बिझी होतो.
निर्णय: आमंत्रणाची वाट बघणं हा कोता विचार आहे. शेवटच्या दिवशी स्वतः जायचं. सरप्राइज.

१५ जून, सकाळी
अधिक महिन्याचा शेवटचा दिवस. पहिल्या गाडीने गंगाखेड, पुढे जीप. नवा शर्ट. वाक्य तयार आहे: आय हॅव कम टू टेक यू होम. आरशासमोर म्हणून पाहिलं, चांगलं वाटतं.

१५ जून, परतीच्या गाडीत
राणीसावरगावात घराला कुलूप. शेजारच्या दगडाबाईने ओट्यावर बसवून पाणी दिलं. म्हणाली, "समदे पोखर्णीला गेल्यात, नरसिंहाला. तुमच्या वाटचं वाण द्यायला. जावाई येत न्हाई म्हणल्यावर देवालाच द्यावं लागतंय की." जावई तुझ्या ओट्यावर बसला आहे, असं मी म्हणालो. ती म्हणाली, "आता बसून काय करता?"
चारच्या सुमाराला जीप आली. सासूबाई मला बघून गडबडल्या, पदर सावरत म्हणाल्या, "पाव्हणं, लय उशीर केलाव. घरात एक अनारसा बी उरला न्हाई." राजेश्री सगळ्यांच्या शेवटी उतरली. बारीक झाली आहे. चहा तिनेच केला. माझं वाक्य मला आठवेना. तिने कप पुढे ठेवला आणि विचारलं, "फळा पुसला का?"
हो म्हणायला काय जात होतं? मी म्हणालो, ऑइल पेंटने पक्कं केलंय, आता कुणाच्या बापाला पुसता येणार नाही. मला सांगायचं वेगळंच होतं. घरात तुझं तेवढंच उरलंय, हे सांगायचं होतं. ते इंग्रजीतही आलं नाही, मराठीतही आलं नाही.
ती म्हणाली, "वाण देवाला द्या म्हणून मीच म्हणले. माय नको म्हणायली होती." मग कप उचलून आत गेली. चहा अर्धा राहिला होता.
भुजंगने मोटारसायकलवर फाट्यापर्यंत सोडलं. गाडी येताना म्हणाला, "दाजी, त्या दिवशी ताईला फोनवर नुस्तं पुसला म्हणला असता, तर मी दुसऱ्याच दिवशी तुमाला न्यायला येणार होतो."
खिडकीची जागा मिळाली आहे. पाडव्याला ती अशीच खिडकीत बसली होती. मी स्टँडवर उभा होतो, दुकानाच्या आडोशाला. हात करायला पाहिजे होता.

१६ जून
क्लासला सुट्टी दिली. टर्पेंटाइन आणलं. सकाळपासून घासतो आहे. पेंट निघत नाही. पत्र्याच्या तुकड्याने खरवडलं तर फळ्याचाच काळा रंग गेला, खालचं सिमेंट दिसायला लागलं. वाक्य अजून वाचता येतं. नावही येतं.
संघप्रिया राहिलेली वही न्यायला आली. दारात उभी राहून तिने फळा बघितला. मग हळूच म्हणाली, "सर, मी पुसलं होतं तवा लगेच निघालं होतं."
हो. तेव्हा खडू होता.