सोबतीला माणूस हवं

४ मार्च
अक्कलदाढच! अठ्ठावन्नाव्या वर्षी ठणकतेय. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, सरळ उगवलीय, हिरडीत इंजेक्शन देऊन जागेपणीच निघेल. "तासाभरात दुकानात जाऊन मशीनवर बसाल, काका." पूर्ण भूल द्यायची तर मोठं हॉस्पिटल — त्याची गरजच नाही. आणि मधला मार्ग, शिरेतून औषध देऊन गुंगी. फार घाबरणाऱ्यांसाठी. "पण मग सोबतीला घरचं माणूस हवं. रात्रीही जवळ हवं. एकट्याला सोडत नाही मी."
मी म्हणालो — गुंगी!
भीती कसली डोंबलाची. बोटात सुई घुसली तरी मी शिलाई थांबवत नाही.

५ मार्च
मुलाला फोन केला. वर्षाने. शिवणकाम सोडून कारखान्यात लागला, तेव्हा भर दुकानात ओरडलो होतो, "परत तोंड दाखवू नकोस!" तेवढं एक त्याने ऐकलं.
"डॉक्टर गुंगीशिवाय हातच लावत नाहीत," मी सांगितलं. धडधडीत खोटं.
तो म्हणाला, "येतो." बस्स.

६ मार्च
मन खातंय. सूनबाईचा फोन. "नव्या मशीनच्या ट्रेनिंगला ह्यांनाच निवडलं होतं, बाबा. आता दुसऱ्या कुणाला पाठवतील. असू दे, तुमची तब्येत आधी." तेव्हाच खरं सांगून टाकायचं. जीभ रेटली नाही. माझ्यासारखा आपमतलबी बाप नसेल.

८ मार्च
काढली. सुई टोचायच्या आधी वाटलं, उठावं, सांगून मोकळं व्हावं. तो शेजारीच उभा होता, माझा चष्मा हातात धरून. गप्प पडलो.
घरी गार दूध त्यानेच पाजलं, चमच्याने. "थुंकू नका बाबा, रक्त येईल." दुधानंतर तोंडात पुन्हा कापसाचा बोळा, बोलायची सोयच नाही. बरंच झालं. माझ्याच घरात चोरासारखा पडून होतो.

९ मार्च
सकाळी गेला. दारात विचारतो, "पुढच्या महिन्यात येऊ का?" स्वतःच्या घरी यायला विचारतोय! मी नुसती मान डोलावली. खरं आजही सांगितलं नाही.

१५ मार्च
टाके काढायला गेलो. राहवेना. डॉक्टरीणबाईंपाशी सगळं ओकलो — मुलाला फसवून बोलावलं म्हणून.
त्या म्हणाल्या, "त्याने आधीच फोन करून विचारलं होतं, काका. मी सांगितलं, नुसत्या इंजेक्शनने भागेल."
"मग?"
"म्हणाला, त्यांना काही बोलू नका. गुंगीच द्या. नाहीतर मला कशाला बोलावतील?"