तोंडातल्या तोंडात पाढे

५ एप्रिल, रवि.
संख्याशास्त्राचा पेपर झाला. सुटले एकदाची.

परीक्षेच्या वेळी घरात दुसरं माणूस नको असा नियम, म्हणून सुधीर रेवाला घेऊन सकाळीच कानोत्याच्या धरणावर गेला. बापलेकीची सहल, आईची परीक्षा. आधी लॅपटॉप उचलून सगळी खोली कॅमेऱ्याला दाखवायची. भिंती, टेबलाखाली, पलंगाखाली. पलंगाखाली रेवाची एक चप्पल आणि ही धूळ. लाज वाटली. मग म्हटलं, कोण बघतंय, मशीनच तर आहे.

कूलरचा आवाज नको म्हणून तोही बंद. घामानं नुसती निथळत होते. दुर्गापुरा स्टेशनची शिट्टी झाली, डोक्यावरून विमान गेलं, ते सगळं चाललं. पडद्याच्या कोपऱ्यात मधूनमधून पिवळा दिवा लागत होता. कशाचा ते बघायला वेळ कुणाला. गणितं सगळी आली. संध्याकाळी दोघं कचोऱ्या घेऊन उगवले.

६ एप्रिल, सोम.
आता कॉस्टिंगचा एकच राहिला, २६ला. मग बी.कॉम. लिहितानासुद्धा हात जरा थांबला.

सांगलीत पहिलं वर्ष झालं आणि लग्न. नागपूरला नाव घातलं, तर भोपाळला बदली. भोपाळला पुन्हा पहिल्यापासून, तर जयपूर. सु.ची बदली आली की माझं कॉलेज तुटायचं. हे ऑनलाइनचंच काय ते एक निघालं, आता कुठंही बदली होऊ दे. सांगानेरच्या कागद कारखान्याच्या मालकीणबाई मागच्या महिन्यात म्हणाल्या, "डिग्री ले आइए, जुलाई से हिसाब की कुर्सी आपकी." वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी मला कुणी खुर्ची देतंय. सु.ला सांगितलं तर म्हणाला, घरातल्या तीन खुर्च्या रिकाम्याच असतात. फाजील.

९ एप्रिल, गुरु.
मेल आली. निकाल रोखलाय. "परीक्षेदरम्यान दुसऱ्या व्यक्तीशी संभाषण केल्याचा संशय."

दोनदा वाचली. मी? संभाषण? घरात पाल होती तेवढीच.

मदतीच्या चॅटवर लिहिलं. उत्तर, "आपकी परेशानी हम समझते हैं." पुन्हा लिहिलं, पुन्हा तेच. शेवटी लिहिलं, किसी इंसान से बात कराइए. त्यावरही आपकी परेशानी हम समझते हैं. सु. म्हणाला, बघ किती समजूतदार आहे. मला अजिबात हसू आलं नाही. पोळ्या जाड झाल्या, तशाच वाढल्या.

१० एप्रिल, शुक्र.
साइटवर त्यांनी माझं रेकॉर्डिंग ठेवलंय. रेवानं काढून दिलं. घामेजलेलं तोंड, विस्कटलेले केस, आणि ओठ सारखे हलताहेत. जपाला बसल्यासारखे. रेवाचे इयरफोन लावून आवाज वाढवला तेव्हा ऐकू आलं. तेरा साती एक्याण्णव. अठरा त्रिक चोपन्न.

पाढे म्हणत होते मी. तो पिवळा दिवा त्याचाच. देवाशपथ, मला पत्ताच नव्हता.

रेवा : आई, मतलब, कॅल्क्युलेटर दिलेलं ना स्क्रीनवर? मग हे कशाला?
आता काय सांगू हिला. ते एवढंसं कॅल्क्युलेटर, माउसनं एकेक आकडा टोचायचा. कच्चं काम करायला कागद घेऊ देत नाहीत. पाढा आपोआप येतो, बोलावावा लागत नाही.
"तू ना, भाजीवाल्या भैयासमोर पण करतेस. आणि कुकरच्या शिट्ट्या मोजताना पण." रेवा आणि सु. दोघं हसायला लागली. सगळ्या गावाला माहीत, मलाच नाही.

पण जीवात जीव आला. पाढेच तर आहेत. सांगितलं की झालं.

११ एप्रिल, शनि.
सांगितलं की झालं, म्हणे.

दोनच वाटा आहेत. एक, साइटवरच्या चौकटीत खूण करायची की आरोप मान्य. मग हा एकच पेपर रद्द, डिसेंबरात पुन्हा द्यायचा, म्हणजे जुलैची खुर्ची तोवर लांबली. दुसरी, सुनावणी मागायची. सुनावणीत आपलं खोटं ठरलं तर वर्ष गेलं, आणि वर दोन वर्षं परीक्षेला बंदी. १५च्या आत ठरवा.

सु. लगेच म्हणाला, खूण कर. बँकेत आम्ही असंच करतो. चूक असो नसो, खेद व्यक्त करायचा, फाइल बंद.
म्हटलं, तुमच्या बँकेत करा. मी कॉपी केलेली नाही.
"कोण म्हणतंय केलीस?"
"ती चौकट म्हणतेय."
चोर सोडून संन्याशाला सुळी. अंगाचा नुसता तिळपापड झाला. दिवसभर त्याच्याशी बोलले नाही. त्यानं निवांत मॅच बघितली.

१२ एप्रिल, रवि.
इस्लामपूरला आईला फोन केला. सगळं सांगितलं. तिचा पहिला प्रश्न काय, तर "आणखी कुणाला बोलली नाहीस ना?" डोकं फिरलं माझं. मग म्हणाली, "अगं पण पाढे तोंडानंच म्हणायचे असतात की. दिवा लावला की मी तुम्हा तिघांना ओळीत बसवून परवचा म्हणून घ्यायची, एकाचं तोंड मिटलं की लगेच कळायचं. मनातल्या मनात म्हणायला लावलं असतं तर तू एकही म्हटला नसतास, माहितीय मला."
हे आता त्या मशीनला कुणी सांगायचं.

फोन ठेवता ठेवता म्हणाली, "जावईबापू म्हणतात ते कर. डिसेंबर काय लांब आहे."

१४ एप्रिल, मंगळ.
समोरच्या मीना भाभी विरजण मागायला आल्या. राहवलं नाही, सांगून टाकलं. "अरे एक टिक ही तो है जी. लगा दो." घ्या. माहेर, सासर, शेजार, सगळे एका बाजूला.

दुपारी साइट उघडली. चौकटीशेजारी लिहिलंय, मैंने अनुचित साधन का प्रयोग किया है. बाण नेऊन ठेवला तिथं. दाबायचं फक्त. हात उचलेना. मालकीणबाईंसमोर कोणत्या तोंडानं बसू हिशेबाला? त्यांना कळणार नाही, पण मला माहीत असणार ना.

सु. मागं कधी येऊन उभा राहिला कळलं नाही. म्हणाला, "मला तुझ्या खरेखोटेपणाची शंका नाही गं. भीती वाटते. माझ्यापायी तीनदा तुटलंय तुझं. चौथ्यांदा तुटताना बघवणार नाही." लग्नाला एवढी वर्षं झाली, हे कधी बोलला नव्हता. बदली आली की सामान बांधायचा, दोर कुठंय विचारायचा, बस. मला वाटायचं याच्या लक्षातच नाही.

मला रडू आलं. त्यालाही आलं असावं, पण तो कूलरमध्ये पाणी भरायला गेला. बादली घेऊन परत आला आणि म्हणाला, माग सुनावणी.

मागितली.

१८ एप्रिल, शनि.
सुनावणी २२ला. काहीही ठरलं तरी २६चा पेपर त्याच मशीनसमोर द्यायचाय, म्हणून तोंड मिटून गणितं करायचा सराव. रेवा पेन्सिल घेऊन समोर. ओठ हलले की दंडावर टोचते. कार्टीला फार आनंद होतोय.

तोंड मिटलं की सगळं जागच्या जागी थिजतं. सतरा आठी एकशे सव्वीस आले. मला. माझे सतरा आठी चुकले. पुन्हा केलं, पुन्हा चूक. रेवानं पेन्सिल खाली ठेवली. "आई, तू कॅल्क्युलेटरची प्रॅक्टिस कर ना. सच में." तेही केलं. एक गणित सोडवायला तिप्पट वेळ, आणि मधेच एक शून्य कमी टोचलं गेलं.

दंड काळानिळा झालाय.

२२ एप्रिल, बुध.
सुनावणी झाली. सु. अर्धा दिवस रजा काढून घरी. त्याला खोलीत येऊ दिलं नाही, बाहेर बसून इस्त्री करत होता. एकच शर्ट.

पडद्यावर तिघं. एक मॅडम, एक सर, एक टाइप करणारी मुलगी. सरांचा कॅमेरा असा लावलेला की त्यांचं कपाळ आणि वरचा पंखाच दिसत होता. त्यांनीच मला सांगितलं, "आप कैमरे की तरफ देखिए."

रेकॉर्डिंग लावलं.
"ये किससे बात हो रही है?"
"किसी से नहीं सर. पहाड़े हैं. मराठी में."
"कैल्कुलेटर तो दिया था."
"दिया था सर."
"फिर?"
इतकं काय काय मनात होतं. निघालं एवढंच, "आदत है सर."

मॅडम म्हणाल्या, ठीक है, चौबीस गुणा सत्रह करके बताइए. आणि मी दगड. सहा डोळे माझ्या तोंडावर आणि मी ओठ दाताखाली धरून बसलेली. काही येईना. शेवटी विचारलं, "बोलूँ मॅडम?"
"बोलिए."
सतरा चोक अडुसष्ट, आठ मांडले, हातचे सहा. सतरा दुणे चौतीस आणि सहा चाळीस. चार सौ आठ. एका श्वासात गेलं. टाइप करणाऱ्या मुलीनं मान वर करून बघितलं. मॅडम जरा हसल्या.

सर म्हणाले, "ये तो आज का हुआ. उस दिन हर बार यही बोल रही थीं, ये कैसे मानें? मराठी हममें से किसी को आती नहीं."
खरं सांगायचं तर त्यांचंही बरोबर आहे. त्याचाच जास्त राग आला. म्हटलं, सर, किसी मराठी जाननेवाले को सुनाइए. म्हणाले, देखते हैं. निर्णय मेलनं कळवू.

बाहेर आले तर शर्टाला तपकिरी डाग. सु. म्हणाला, जुनाच होता.

२५ एप्रिल, शनि.
निर्णय नाही. त्याऐवजी ही मेल. उद्याचा पेपर देता येईल, पण पुन्हा इशारे लागले तर दोन्ही पेपर मिळून एकच प्रकरण धरलं जाईल. म्हणजे उद्या ओठ हलले तर मागच्या पेपरावरही पाणी. वर्ष, बंदी, सांगानेरची खुर्ची, सगळंच गेलं.

सु. म्हणाला, "एक दिवस. तीन तास. तोंड मिट फक्त. पास होण्यापुरतं केलंस तरी खूप."
कबूल केलं. मनापासून कबूल केलं. गप्प राहायला काय जातंय.
रेवा म्हणे, तोंडाला टेप लावू का? आजीला फोन करून सांगितलंन, तर आजी म्हणे चिकटपट्टी नको, पुरळ येतं. यांच्यापुढे हात टेकले मी.

२६ एप्रिल, रवि.
कॉस्टिंग.

बापलेक मीना भाभींकडे. खोली दाखवली, पलंगाखालून आधी झाडून घेतलं होतं. कूलर बंद. ओठ घट्ट मिटले आणि सुरू केलं.

पहिला प्रश्न कॅल्क्युलेटरवर. एकेक आकडा टोचत. फार वेळ गेला. उत्तर बरोबर असावं. दिवा लागला नाही. दुसऱ्यात खात्याच्या दोन्ही बाजू जुळेनात. पुन्हा केलं. फरक आधीपेक्षा वाढला. जबडा दुखायला लागला होता. घड्याळ पळत होतं, आणि मला येत होतं हो, सगळं येत होतं, घशाशी येऊन बसलं होतं. पास होण्यापुरतं झालं असतं तसं. सु.ला दिलेला शब्दही आठवला.

पण इतका संताप आला. मशीनचा नाही. स्वतःचा. सुनावणीत ताठ बसून सांगून आले की हे पाढे आहेत, कॉपी नाही, आणि आज इथं चोरासारखी तोंड दाबून बसलेय. मग त्यांचंच खरं झालं की.

तोंड उघडलं. तोंडातल्या तोंडात नाही, चांगलं खणखणीत. एकोणीस पंचे पंच्याण्णव. पिवळा दिवा लागला. तेवीस सक अडतीसासे. पुन्हा लागला. मग तिकडं बघितलंच नाही. दोन्ही बाजू जुळल्या, पैशासकट. उरलेले प्रश्न म्हणत म्हणत सोडवले, वेळ संपायच्या आत.

जमा केलं. पडद्यावर लाल अक्षरं, उत्तरपत्रिका तपासणीसाठी रोखली आहे. भीती वाटतेय, खोटं कशाला लिहू. आताही वाटतेय. पहिल्या पेपराची मेल अजून आलेली नाही.

दार वाजलं. सु. एकटाच. रेवाला मुद्दाम मागं ठेवून आला असणार.
"मिटलेलं ठेवलंस ना?"
"नाही."
तो दाराच्या चौकटीत तसाच उभा. भाभींच्या घरातली मसालेदार फोडणी जिन्यात दरवळत होती.
मग म्हणाला, "सगळे सोडवलेस?"
"सगळे."
"बरोबर?"
"बरोबर."
"मग आधी जेवून घे."