एकशे एकविसावी पोळी

शिंदखेडा, २ मे १९६८

तीर्थस्वरूप झुलालनाना यांस अभिमनचा साष्टांग नमस्कार.

ज्या मेजावर हे लिहितो ते मेज, बसलोय ती तिवई, समोर टिकटिकणाऱ्या घड्याळाची पेटी (आतला काटाही), दाराची कडी आणि परवा आखाजीला, अक्षय्य तृतीयेला, ज्यावर माहेरवाशिणी झुलल्या तो झोका, हे सगळं मी या दोन हातांनी केलं, कुणाकडून न शिकता. तुमचे गुडघे कसे आहेत? दीपनगरच्या कॉलनीत जिने चढावे लागतात म्हणून विचारतो.

होळीला आमच्या शेवंताने खापरावरची पुरणपोळी वाढली. (तिच्या पोळ्यांसाठी लग्नघरं तारीख बदलतात, हे तुम्ही जाणताच.) शेजारचे फुलचंद शेठ म्हणाले, "वहिनींच्या हातातच आहे ते, उपजत." मला राहवलं नाही. उपजत वगैरे काही नसतं, सराव असतो. घड्याळ मी एकोणचाळीस दिवसांत शिकलो, पोळी किती दिवसांची? शेवंता म्हणाली, "मंग करा आखाजीले. एक सगळी पोळी. नही जमनी ते 'मी मना मीच शिकनू' हाई या घरमा परत बोलानं नही." नाना, 'मी माझा मीच शिकलो' या वाक्याशिवाय माझ्याजवळ दुसरं आहे काय? पण मी होकार दिला.

हाती सत्तेचाळीस दिवस होते. ही पोळी हातांवर झेलत वाढवायची, म्हणून पहिले सात दिवस ओला पंचा दोन्ही हातांवर झेलला. मग कणीक, रोज तीन याप्रमाणे एकशे वीस पोळ्या. प्रत्येकीचं वजन, पाणी आणि ती कुठे फाटली याची वहीत नोंद. फाटलेल्या बैलाला घातल्या. पंधराव्या दिवसापासून मला पाहिलं की बैल तोंड फिरवू लागला. शेवंताला पद्धत विचारली, तर तिची सगळी शिकवणी दोन शब्दांत आटपली: "व्हई जास." होऊन जातं म्हणे!

आखाजीला ओसरीवर मेव्हण्या, त्यांची पोरंबाळं आणि खास बघायला आलेले फुलचंद शेठ. चुलीवर पालथं खापर तापलेलं. मी पुरण भरलं, लाटलं, हातावर घेतलं, आणि नाना, ती वाढत गेली! मनगट, मग कोपर, चंद्रासारखी गोल, कुठे भोक नाही. आता खापरावर टाकायची, एवढंच उरलं होतं. पण इतकी मोठी पोळी झाल्याची नोंद नको का? मी धाकट्या मेव्हणीला, मंदाबाईला, म्हटलं, "टेप धर." ती टेप शोधेपर्यंत पोळी कोपरावरून उतरली, ती धरायला मी हात वर केले, आणि ती डोक्यावरून चष्म्यावर आली. पुरण कानात. (डाव्या.) शेठ खांबाला धरून हसत होते. शेवंताने माझा चष्मा पुसून दिला आणि बहिणीशी बोलता बोलता, खापराकडे न बघता, पुढची पोळी टाकली.

दुपारी मी तिला विचारलं, तुझी पहिली पोळी कितव्या वर्षी जमली? तेव्हा कळलं की नवव्या वर्षापासून तिची आई तिच्याकडून मातीच्या गाऱ्याच्या पोळ्या करवून घेई, तीन वर्षं, आणि फाटली की पाठीत धपाटा. म्हणजे सरावच! मी जिंकलोच की! किती फाटल्या असतील, विचारलं.

"मोजस कोन?" ती म्हणाली.

वहिनींस नमस्कार.

आपला धाकटा,
अभिमन

ता. क. पैज 'सगळी पोळी करण्याची' होती, खापरावर टाकण्याची नव्हती. हातावर ती सगळीच, अखंड होती. तेवढं शेवंताला एका कार्डावर लिहा, तुमचं ती ऐकते. दोन दिवस झाले, झोका कुणी केला विचारलं तर मला गप्प बसावं लागतं.

ता. क. दुसरा. फुलचंद शेठ काल आले होते. त्यांच्या मुलीच्या लग्नात पोळ्यांसाठी शेवंताला एकवीस रुपये ठरले. मलाही बोलावलं आहे: भर मांडवात पोळी तशीच डोक्यावर पाडायची, टेपसकट. म्हणाले, "अभिमनभाऊ, हे सरावाने येत नाही, हे उपजतच लागतं." मी साफ नाही म्हणालो. एक्कावन्न रुपये देत होते.