आप्पांची पिठी

आकांक्षा,

हे पत्र पाठवणार नाहीये, तेव्हा 'प्रिय' लिहायचं नाटक नको.

आप्पांच्या कॅन्सरवर इम्युनोथेरपी सुरू झाली तेव्हा तू लालबागला आमच्या खोलीवर आली होतीस. म्हणालीस, "पोटातले चांगले जंतू टिकले तर हे औषध जास्त लागू पडतं, असं दिसतंय. नाचणी, कुळीथ, भाज्या दे. जंतूंच्या कॅप्सूल मनाने देऊ नकोस, उलटंही होऊ शकतं. सुशांत लॅबमध्ये यावरच काम करतो."

मला सोडून तू ज्याच्याकडे गेलीस, त्या सुशांतचं नाव आलं आणि माझं डोकं फिरलं. मी कॉलेज सोडलेला, तो लॅबवाला. दुसऱ्याच दिवशी दुकानातल्या सगळ्यात महाग कॅप्सूल आणल्या. शेजारच्या जाईबाई म्हणाल्या, "आजाऱ्याला जड नको," म्हणून कुळीथही बंद केला. चार महिने आप्पा खारी आणि मऊ भातावर. "माका कुळथाची पिठी दी रे," म्हणायचे. मी खेकसायचो.

काल स्कॅन आला. गाठ वाढलीये. डॉक्टरांनी विचारलं, "बाहेरचं काही देत होतात?" मी आप्पांसमोर "नाही" म्हणालो.

कॅप्सूलमुळेच वाढली का, मला माहीत नाही. तुझ्या सुशांतला माहीत असेल.

आज पिठी केली. दोन घास खाऊन आप्पा म्हणाले, "तिना सांगितल्यान होता ना?"

उद्या डॉक्टरांना खरं सांगणार आहे. तुझं बरोबर होतं, हे मात्र तुला माझ्याकडून कधीच कळणार नाही.

आता कुणाचाच नसलेला,
प्रफुल्ल