बरणीवरची रेघ

धाकटे,

मी लाँड्रीत कामाला चालले. तू उठशील तेव्हा घरात नसेन, म्हणून तोंडावर विचारायचं ते इथं लिहिते.

कॉफीच्या बरणीत काय चाललंय? यांचं नि भाऊजींचं काम सुटल्यापासून नवा डबा आणलेला नाही. मी रोज माझा कप करते, तरी बरणी उतरायचं नाव घेत नाही. म्हणून परवा नेलपॉलिशनं रेघ मारून ठेवली. आज बघते तर कॉफी रेघेच्या वर! चोर घेऊन जातो. हा कोण, जो आणून टाकतोय?

आधी नवऱ्यांवर संशय घेतला. पण त्या दोघा भावांना बरणी कुठल्या फळीवर असते तेही माहीत नाही. मग दाराशी तुझ्या चपला दिसल्या. टाचा पार कागद झाल्यात. बसनं कामाला जाणाऱ्या बाईच्या चपला अशा झिजत नाहीत, आणि तिचे बसचे पैसेही उरत नाहीत. जाऊबाई, मला खुळी समजू नका.

आणि कॉफीनं पित्त होतं म्हणून सोडलीस म्हणतेस, हे कधीपासून? नवी नवरी होतीस तेव्हा माझ्या कपातली उरलेलीसुद्धा संपवायचीस.

तुझ्या चपला दुरुस्तीला नेल्यात. माझ्या घाल, मला लाँड्रीत रबरी बूटच लागतात. माझ्या तुला दोन बोटं मोठ्या होतात, चालत जाणं जमायचं नाही. बसनंच जावं लागेल.

ओट्यावर बशीखाली तुझी कॉफी झाकून ठेवलीय. गरम करून पी. कप विसळायचा नाही. आल्यावर मी वास घेणार आहे.

— मोठी